विश्लेषण : शिकलेल्या मुलाने शेतीत का राहावे? पंजाबराव देशमुखांनी आयुष्यभर शोधलेले उत्तर

पारशिवनी (जि. नागपूर) : पेंचचे पाणी कालव्यात सुटले की पारशिवनी, रामटेक, मौदा पट्ट्यातल्या बांध्यांमध्ये धानाची रोवणी जोर धरते. याच दिवसांत घराघरांत दुसरीही लगबग असते, ती बारावी झालेल्या मुलांच्या प्रवेशाची. बी.एस्सी. ॲग्री करायचे की इंजिनीअरिंग, पोलीस भरतीला उतरायचे की नागपूरला खासगी नोकरी धरायची, यावर खल होतो. कृषी पदवीचा फॉर्म भरणाऱ्या अनेकांच्या डोक्यातही शेती नसते, एमपीएससी किंवा बँकेची परीक्षा असते. प्रवेशाला सातबारा जोडायचा आणि पदवी मिळाली की त्याच सातबाऱ्यापासून दूर जायचे, असा हा उलटा प्रवास आहे.

विदर्भातले कृषी विद्यापीठ ज्यांच्या नावाने चालते, त्या डॉ. पंजाबराव देशमुखांचे आयुष्य याच गाठीभोवती फिरले. ‘शिक्षणमहर्षी’ आणि ‘कृषिमंत्री’ ही त्यांची दोन बिरुदे पाठ असतात. मात्र ही दोन कामे एकमेकांना छेद देणारीही होती, हे फारसे बोलले जात नाही. शाळा काढली की मूल गाव सोडते. मग ते शेतीकडे परत कसे आणायचे? भाऊसाहेबांनी या प्रश्नाला वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळे उत्तर दिले.

पापळचा मुलगा ऑक्सफर्डला कसा पोहोचला?

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या गावी झाला. मूळ आडनाव कदम, देशमुखी घराण्याकडे आल्याने देशमुख. वडील शामराव, आई राधाबाई, घर शेतीचे. गावात पुढच्या इयत्ता नव्हत्या, म्हणून शिक्षणासाठी चांदूर रेल्वे, मग कारंजा लाड, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल आणि पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज अशी एकेक पायरी गाठावी लागली. आज पारशिवनीच्या मुलाला रामटेक किंवा नागपूरची एसटी पकडावी लागते, तसेच काहीसे. फरक एवढाच, की तेव्हा परत येण्याची एसटी नव्हती.

१९२० मध्ये ते इंग्लंडला निघाले. मुलाच्या या शिक्षणासाठी वडिलांनी जमीन गहाण टाकली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एडिंबरोतून एम.ए., ऑक्सफर्डमधून वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर डॉक्टरेट, शिवाय बॅरिस्टरची सनद घेऊन ते १९२६ मध्ये परतले. कुणब्याच्या मुलाने वेदांवर संशोधन करणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. त्या पदव्यांवर नागपूर किंवा मुंबईच्या कोर्टात उत्तम वकिली चालली असती. एका पदवीमागे घराची जमीन किती खर्ची पडते, हे मात्र त्यांनी घरातच पाहिले होते.

बॅरिस्टर झाल्यावर वसतिगृह कशासाठी?

परतल्यावर वर्षभरातच, १९२७ मध्ये, अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभे राहिले. खेड्यातला मुलगा शाळा सोडतो ती फीमुळे कमी आणि शहरात राहण्या-जेवण्याची सोय नसल्यामुळे जास्त, हे त्यांनी ओळखले होते. छात्रालयात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. १९२७ च्या अमरावतीत ही गोष्ट पचणारी नव्हती. त्याच सुमारास अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी आंदोलन झाले, त्यातही पंजाबराव पुढे होते. त्याच वर्षी विमल वैद्य यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्याचा आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा निर्णय त्यांनी रेटला. त्यासाठी कर वाढवला आणि ज्या शेतकऱ्यांसाठी हे चालले होते, त्यांच्यातल्याच काहींचा रोष ओढवून घेतला.

१९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था आकाराला आली. पुढे तिच्या शाळा, वसतिगृहे, महाविद्यालये विदर्भभर पसरली. या संस्थेत शिकून हजारो घरांत पहिला शिक्षक, पहिला कारकून, पहिला डॉक्टर तयार झाला. गावांतून हुशार मुले बाहेर पडली तीही याच वाटेने. पंजाबरावांना ते खटकत होते का? बहुधा नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. कचेरीत बसणारा माणूस शेतकऱ्याच्या घरातला नसेल तर शेतकऱ्याचा अर्ज खालीच राहतो, हे त्यांनी अनुभवले होते. म्हणून मागास शेतकरी जातींना सरकारी नोकरीत वाटा मिळावा, यासाठी ते घटना समितीतही आग्रही राहिले. त्यांच्या दृष्टीने काहींनी कचेरीत जाणे हाही शेती वाचवण्याचाच भाग होता.

मंत्री झाल्यावर त्यांनी आधी कर्जाला का हात घातला?

१९३० मध्ये पंजाबराव मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षण, शेती, सहकार अशी खाती त्यांच्याकडे होती. राजधानी नागपूर. आजचा पारशिवनी तालुका तेव्हा रामटेक तहसिलीत होता, म्हणजे इथल्या शेतकऱ्याचे सरकार हेच होते.

काळ मात्र वाईट होता. जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळले होते. वऱ्हाडात रयतवारी आणि नागपूरकडे मालगुजारी, पण सावकार दोन्हीकडे सारखाच. पिकाचा भाव निम्म्यावर आला तरी कर्जाचा आकडा रुपयातच राहतो. साधे गणित आहे. कर्ज घेताना ज्या रकमेला एक गाडी कापूस पुरत होता, तीच रक्कम फेडायला दोन गाड्या लागू लागल्या. व्याज वेगळे. अशा घरातल्या मुलाला शेती कर म्हणणे म्हणजे बापाचे कर्ज फेड म्हणण्यासारखेच होते.

१९३३ चा मध्य प्रांतातला कर्ज लवाद कायदा या परिस्थितीतून आला. देशातला अशा प्रकारचा हा पहिला कायदा मानला जातो आणि त्यामागे पंजाबरावांचा आग्रह होता. पद्धत अशी : लवाद मंडळासमोर कर्जदार व सावकार दोघांना बोलावायचे, खरे कर्ज किती आणि व्याजावर व्याज चढवून फुगवलेले किती ते पाहायचे, तडजोडीची रक्कम ठरवायची आणि ती हप्त्यांनी फेडायची. आजच्या भाषेत कर्जाची फेररचना. यात कच्चा दुवा होता. तडजोड व्हायची तर सावकारांची संमती लागत असे. शिवाय जुने कर्ज कमी करून घेणाऱ्याला नवे कर्ज देताना सावकार हात आखडता घेत. तेव्हा पर्यायी बँक नव्हती आणि सहकारी पतपेढ्याही लंगड्या होत्या. कर्जमाफीनंतर ‘पुढच्या हंगामाचे काय’ हा आज विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ९० वर्षांपूर्वीचाच आहे.

देवस्थानांच्या संपत्तीचा उपयोग लोकोपयोगी कामांसाठी व्हावा म्हणून त्यांनी विधेयकही आणले होते. त्यावर वादळ उठले. १९३३ मध्ये मंत्रिपद संपले.

ते देशाचे ‘पहिले कृषिमंत्री’ होते का?

सोशल मीडियावर जयंतीच्या दिवशी ही ओळ हमखास फिरते. नेमके पाहिले तर स्वातंत्र्याच्या वेळी अन्न व कृषी खाते डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्याकडे होते. त्यांच्यानंतर जयरामदास दौलतराम आणि कन्हैयालाल मुन्शी आले. पंजाबराव १९५२ मध्ये अमरावतीतून लोकसभेवर गेले आणि १९६२ पर्यंत केंद्रात कृषी, पुढे सहकार अशी जबाबदारी मंत्री म्हणून त्यांनी सांभाळली. या दहा वर्षांत अन्न व कृषीची कॅबिनेट खुर्ची रफी अहमद किडवाई, अजितप्रसाद जैन आणि स. का. पाटील यांच्याकडे होती. म्हणजे ‘पहिले’ हा शब्द काटेकोरपणे बसत नाही. पण सलग दहा वर्षे शेतीच्या प्रश्नाला चिकटून राहणारा माणूस या यादीत दुसरा नाही, आणि हे ‘पहिले’ असण्यापेक्षा मोठे आहे.

देशात धान्याची टंचाई होती. १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० करार होऊन गहू जहाजांनी येऊ लागला. दिल्लीत चर्चा पोलाद कारखान्यांची आणि मोठ्या धरणांची. शिकलेल्या तरुणाचे स्वप्न भिलाईचे होते, बांधीतल्या चिखलाचे नव्हते.

जपानी भातशेती म्हणजे काय होते?

१९५३ च्या सुमारास देशभर ‘जपानी पद्धतीने भातशेती’ची मोहीम सुरू झाली. पंजाबराव तिचे सर्वात हिरिरीचे प्रचारक होते. धान पिकवणाऱ्या पूर्व विदर्भाला हा भाग जवळचा आहे.

जुनी रीत अशी की सपाट जागेत दाट बियाणे फेकायचे, पऱ्हे कमजोर निघाले तरी मूठभर घेऊन हाताला येईल तिथे रोवायचे. जपानी पद्धतीत गादीवाफ्यावर विरळ पेरणी करायची, बियाणे कमी लागते आणि रोप दांडगे होते. मग दोरी लावून ओळीत, ठरावीक अंतरावर, एका ठिकाणी मोजकीच रोपे रोवायची. ओळी असल्यामुळे मधून हातकोळपे चालवता येते, निंदणाचा त्रास कमी होतो. सोबत शेणखत, हिरवळीचे खत आणि अमोनियम सल्फेट. यात नवे बियाणे नाही की महागडे यंत्र नाही, फक्त मोजमाप आणि शिस्त.

तरुणांच्या दृष्टीने यातली गंमत वेगळी आहे. शेतीत शिकलेल्या डोक्याला काही काम आहे, हे या पद्धतीने पहिल्यांदाच शेजाऱ्याच्या बांधीत दिसले. ज्याला अंतर मोजता येते, खताचे प्रमाण काढता येते आणि वहीत नोंद ठेवता येते, त्याचे पीक वेगळे दिसू लागले. याच काळात गावोगाव ग्रामसेवक नेमले जात होते आणि असले प्रयोग शेतकऱ्याच्या शेतात करून दाखवणे हे त्यांचे काम होते. शेतीच्या ज्ञानावर मिळणारी ही खेड्यातली पहिली पगारी नोकरी.

मोहीम सगळीकडे टिकली नाही. ओळीत रोवणीला मजूर जास्त लागतात आणि रोवणीच्या दिवसांत मजुरांचीच चणचण असते. खत वेळेवर मिळायला हवे, पाणी हाताशी हवे. तेव्हा तोतलाडोह आणि नवेगाव खैरीची धरणे नव्हती. इथले धान पावसावर आणि जुन्या मालगुजारी तलावांवर पिकत असे. पाण्याची खात्री नसलेला माणूस खतात पैसे घालत नाही, आणि त्यात त्याची चूकही नसते.

दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन कशासाठी भरवले?

१९५५ मध्ये पंजाबरावांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली. कारखानदारांचे चेंबर असते, कामगारांची युनियन असते, मग शेतकऱ्याचे देशपातळीवर काय, हा त्यामागचा विचार. जात, पीक आणि प्रांत यांच्या पलीकडे शेतकरी म्हणून ओळख असलेली संघटना त्यांना हवी होती.

या समाजाने दिल्लीत डिसेंबर १९५९ मध्ये जागतिक कृषी प्रदर्शन सुरू केले. ११ डिसेंबरच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर भारत दौऱ्यावर असताना हजर होते. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद आणि पंतप्रधान नेहरूही होते. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकाच मैदानावर आपापली शेती दाखवायला उभे राहिले. पुढे ज्याला प्रगती मैदान म्हणू लागले, त्या परिसरातला हा मेळा फेब्रुवारी १९६० पर्यंत चालला.

खेड्यातून रेल्वेने दिल्लीला गेलेल्या तरुण शेतकऱ्याने तिथे ट्रॅक्टर, दुग्धव्यवसायाची यंत्रे आणि अणुशक्तीचा शेतीतला उपयोग पाहिला. यावर खर्च झाला, टीकाही झाली. उपाशी देशाने प्रदर्शने भरवावीत का, असा सूर निघाला. पण शेतीला प्रतिष्ठा नसेल तर तिच्यात तरुण येणार नाहीत, हे पंजाबरावांनी बरोबर ओळखले होते. राष्ट्रप्रमुख पाहायला येतात ती गोष्ट बापाच्या धुऱ्यावरची शेतीच आहे, हे त्या मुलांना एकदा दिसणे गरजेचे होते.

अकोल्याचे विद्यापीठ त्यांनी पाहिले का?

नाही. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते खासदार होते. महाराष्ट्रात कृषी विद्यापीठ कुठे व्हावे, यावरून पुढची दोन-तीन वर्षे रण पेटले. १९६८ मध्ये राहुरीला विद्यापीठ झाले. त्याआधीच विदर्भात आंदोलन उभे राहिले होते आणि त्यात बळीही गेले होते. अखेर वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. शेतीच्या शिक्षणासाठी लोक रस्त्यावर उतरले, हे आजच्या तरुणाला खरे वाटणार नाही.

नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ पासूनचे, देशातल्या जुन्या कृषी महाविद्यालयांपैकी एक. ते या विद्यापीठात आले. महाराजबागेतले प्राणिसंग्रहालयही याच विद्यापीठाकडे आहे. नागपूरकरांना कृषी विद्यापीठाची ओळख वाघ-अस्वलांमुळे जास्त, हा भाग वेगळा.

विद्यापीठाचे ज्ञान आणि शेतकऱ्याचे ज्ञान यांचा सांधा मात्र नेहमीच जुळला असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड (ता. नागभीड) येथील दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत. त्यांनी आपल्या बांधीत वेगळ्या लोंब्या हेरून निवड करत धानाचा वाण तयार केला आणि त्याला घड्याळाचे नाव दिले, एचएमटी. पुढे विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ नावाने वाण प्रसारित केला आणि श्रेयावरून वाद झाला. दादाजींना राष्ट्रीय पातळीवर मान मिळाला, पैसा फारसा मिळाला नाही. २०१८ मध्ये ते गेले.

मग आज तरुण का थांबत नाहीत?

पंजाबरावांच्या काळात नसलेली एक अडचण आता सर्वात मोठी आहे. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी खातेदाराकडे १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर राहिली. म्हणजे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकर. त्यात दोन भाऊ असतील तर वाटा दीड एकराचा. एवढ्या तुकड्यावर पदवीधराचा संसार चालवायचा तर भाजीपाला, रोपवाटिका, दूध, प्रक्रिया असे काहीतरी जोडावेच लागते. त्यासाठी भांडवल लागते, आणि बँक त्याच सातबाऱ्याकडे पाहून कर्ज ठरवते.

पारशिवनीत याखेरीज आणखी कारणे आहेत. एका बाजूला पेंचचे जंगल आहे, रात्री रानडुकरे पिकात शिरतात. दुसऱ्या बाजूला कोळसा खाणी आहेत. पेंचच्या पाण्यावर नागपूर शहराचाही हक्क आहे, आणि वरच्या बाजूला मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून तोतलाडोहात किती पाणी येईल याची धाकधूक असते. खाणीतली नोकरी दरमहा पगार देते. धान सहा महिन्यांनी पैसे देते, तेही किती ते आधी सांगत नाही.

पंजाबरावांनी कर्ज, शिक्षण, तंत्र आणि प्रतिष्ठा यांना हात घातला. साठवणुकीसाठी १९५६ मध्ये गोदामांचा कायदा त्यांच्याच मंत्रालयाच्या काळात झाला. पण शेतमालाला खात्रीचा भाव ही गोष्ट त्यांच्या हातून सुटली. तेव्हा सरकारचे सगळे लक्ष शहरांना स्वस्त धान्य पुरवण्याकडे होते. किमान आधारभूत किमती सुचवणारा आयोग १९६५ मध्ये आला, ते त्यांच्या निधनाचे वर्ष.

त्यांच्या नावाने आज काय मिळते?

अंतिम वर्षाचे कृषी विद्यार्थी ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून काही आठवडे गावात राहतात, माती परीक्षणापासून बीजप्रक्रियेपर्यंतची प्रात्यक्षिके शेतकऱ्यांसमोर करतात. विद्यापीठ पंजाबरावांच्या जयंतीच्या सुमारास अकोल्यात कृषी प्रदर्शन भरवते. उल्लेखनीय काम करणाऱ्या शेतकऱ्याला राज्य सरकार डॉ. पंजाबराव देशमुख कृषिरत्न पुरस्कार देते.

खेड्यातल्या मुलामुलींच्या थेट कामाची आहे ती डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. घरापासून दूर राहून शिकणाऱ्या, अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर कुटुंबातल्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्यासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम मिळते. कृषी अभ्यासक्रमांचे विद्यार्थीही तिच्यात येतात. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. अल्पभूधारक असल्याचा दाखला तहसील कार्यालयातून घ्यावा लागतो आणि प्रवेशाच्या गर्दीत तो मिळायला वेळ लागतो, त्यामुळे निकालाची वाट न पाहता आधीच अर्ज देऊन ठेवलेला बरा.